हंगाम सुरू आणि पोस्टग्रेसचं अपडेट आलं : लगेच टाकता की थांबता?

विश्रामबागकर | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

काल संध्याकाळी पोस्टग्रेस या डेटाबेसची नोव्हेंबरची मायनर, म्हणजे छोट्या दुरुस्त्यांची, अपडेट्स आली. १८.१, १७.७, १६.११, १५.१५, १४.२० आणि १३.२३. सुरक्षेच्या दोन दुरुस्त्या आहेत, बाकी पन्नासच्या वर बग. यातली १३.२३ ही तेराच्या मालिकेतली शेवटची, यापुढे तेराला काही येणार नाही.

आमच्या ऑफिसकडे सांगली परिसरातल्या काही डेटाबेसची देखभाल आहे. त्यातला सगळ्यात नाजूक एका साखर कारखान्याचा. उसाचा वजनकाटा, गेटपास, तोडणी टोळ्यांचा हिशेब, पंधरवड्याची ऊसबिलं, सगळं एकाच सर्व्हरवर, आणि तो अजून १३ वर. बॉयलर पेटलाय, मोळी पडलीय, गाड्यांची रांग हमरस्त्याला टेकलीय. तिथल्या ऑफिसचं म्हणणं एकच, "गळीत संपेपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही."

मला ते पटत नाही. दुरुस्ती हातात असताना ती चार-पाच महिने बाजूला ठेवायची कशी? दुसरीकडे काटा थांबला तर रांगेतल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याची अख्खी खेप वाया जाते, हेही दिसतंय. तुम्ही काय करता? लगेच टाकता, थोडं थांबून टाकता, की हंगाम किंवा मार्चएंड संपल्यावरच? आणि साहेबांना पटवता कसं?

---

पेठनाका | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५८

ऑफिसवाले बरोबर सांगतायत. हंगामात कोणी ट्रॅक्टरचं इंजिन उतरवत नाही.

आमच्या भागात एका दूध संकलनाच्या सिस्टीमवर पुरवठादाराच्या माणसाने रात्री कोणाला न सांगता अपडेट टाकून दिलं. पहाटे केंद्रांवर कॅन घेऊन लोक उभे, फॅट मशीन आकडा दाखवतंय आणि स्लिप निघेना. रिपोर्टचा जुना ड्रायव्हर नव्या व्हर्जनशी बोलायला तयार नाही. सकाळचं अख्खं संकलन वहीवर लिहिलं आणि मग आठवडाभर लोक आकड्यांवरून भांडत होते. तेव्हापासून माझा नियम ठरलाय. चालतंय ते चालू द्या.

---

घाटमाथा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पेठनाका, तुमचा राग समजतो. पण ड्रायव्हर जर व्हर्जनवर अडला असेल तर त्या माणसाने मेजर बदललं असणार, तेही न सांगता. इंजिन उतरवणं म्हणजे ते. मायनर म्हणजे ऑइल बदलणं, आणि ऑइल हंगामातच जास्त बदलावं लागतं.

धाग्यावर नवे लोक असतील तर थोडक्यात लिहितो. पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, पहिला आकडा मेजर आणि दुसरा मायनर. त्याआधी ९.६ हा अख्खा मेजर होता आणि ९.६.२४ मधला शेवटचा आकडा मायनर. मेजर वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. त्यात नव्या सोयी असतात, आतल्या फाइलींची रचना बदलते, त्यामुळे डंप, म्हणजे सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत, घेऊन नव्यात भरा किंवा पीजी_अपग्रेड हे रूपांतराचं साधन चालवा. मायनरमध्ये नवी सोय घालतच नाहीत. फक्त बग आणि सुरक्षा. डेटा जागेवर राहतो. सर्व्हर बंद करा, नवे बायनरी, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली, टाका, चालू करा.

तारखाही ठरलेल्या असतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. म्हणजे कारखान्याच्या ऑफिसला ऑक्टोबरमध्येच सांगता येतं की अमुक दिवशी अपडेट येणार आहे, त्यानंतरच्या आठवड्यात मला पंधरा मिनिटं द्या. ऐनवेळी मागितलं की माणूस नाहीच म्हणतो.

---

बेदाणा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४१

तारखा ठरलेल्या आहेत हे खरं, पण त्या आपल्या भागाच्या कॅलेंडरवर मांडून बघा.

नोव्हेंबरला गळीत सुरू. फेब्रुवारीला नवी हळद मार्केट यार्डात यायला लागते, तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर रात्रंदिवस काम, आणि मागोमाग मार्चएंड. ऑगस्टला सगळ्यांचं लक्ष कृष्णेच्या पाण्यावर. उरला एकटा मे. "मोकळा वेळ आला की टाकू" म्हणणारा माणूस आमच्याकडे वर्षातून एकदाच अपडेट टाकतो, आणि त्या वर्षीच्या मेमध्ये घरात लग्न असेल तर तेही राहून जातं.

म्हणून मी मोकळा वेळ शोधणं सोडलंय. प्रत्येक ग्राहकाच्या दिवसातला शांत तास शोधते. शीतगृहाचा शांत तास दुपारी जेवणाचा, हमाल बसलेले असतात तेव्हा. यार्डातल्या अडत्याचा रात्री हिशेब बंद झाल्यावर. काट्याचा कोणता ते काट्यावर जाऊन बसल्याशिवाय कळणार नाही.

---

सज्जनगड | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

आठची मालिका चालू असल्यापासून हा डेटाबेस वापरतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"चालतंय ते चालू द्या" यात एक गृहीत आहे, की बिघडलं तर आपल्याला दिसेल. डेटाबेसमध्ये तसं होत नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर पोस्टग्रेस १४ आलं. १४.० पासून १४.३ पर्यंत त्यात एक बग होता. काम न थांबवता इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बांधणाऱ्या क्रिएट इंडेक्स कन्करंटली किंवा रीइंडेक्स कन्करंटली या कमांड चालवताना त्याच वेळी ज्या ओळी बदलत होत्या, त्यातल्या काही ओळी नव्या इंडेक्समध्ये येतच नसत. एरर नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही. सर्व्हर मजेत चालू. आता काट्यावर हे घडलं तर? शेतकऱ्याची खेप टेबलात आहे, पण बिलाची क्वेरी इंडेक्सवरून जाते, तिला ती खेप दिसत नाही. बिल कमी निघतं. शेतकरी म्हणतो वजन कमी धरलं, ऑफिस म्हणतं काँप्युटर खोटं बोलत नाही.

ती दुरुस्ती इतकी तातडीची होती की त्यांनी ऑगस्टची वाट बघितली नाही. १६ जून २०२२ ला फक्त तेवढ्यासाठी १४.४ काढलं. आणि बायनरी बदलून काम संपत नव्हतं. आधी तयार झालेले असे इंडेक्स पुन्हा बांधायचे होते. रिलीज नोट्समध्ये ते सगळ्यात वर लिहिलेलं होतं. ज्याने नोट्स वाचल्या नाहीत त्याच्याकडे व्हर्जन नवं आणि इंडेक्स सडका, अशी अवस्था आजही असेल. तपासायचं असेल तर १४ पासून पीजी_अॅमचेक हे तपासणीचं साधन सोबतच येतं, ते हीपऑलइंडेक्स्ड पर्यायासह चालवा.

---

मिरज_जंक्शन | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

सज्जनगड काकांच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण मी हॉस्पिटलची सिस्टीम सांभाळते आणि आमच्याकडे लॅबचे रिपोर्ट मध्यरात्रीही निघतात.

गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरला १७.१ आणि सोबतची बाकीची आली. त्यात आतल्या एका स्ट्रक्चरचा आकार बदलला गेला, त्यामुळे आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला बाहेरून जोडलेले भाग, मुख्यतः वेळेनुसारच्या डेटासाठीचं टाइमस्केल, अडचणीत आली. त्याच अपडेटमध्ये ऑल्टर रोल या कमांडने वापरकर्त्याला ठरवून दिलेला रोल (परवानग्यांचा संच) लागू न होण्याचाही एक नवा बग शिरला होता. आठवड्यात, २१ तारखेला, १७.२ काढावं लागलं. मग यंदाच्या १३ फेब्रुवारीला १७.३ आलं, त्यात पीएसक्यूएल या कमांड चालवायच्या साधनामार्फत एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे बाहेरून घुसवलेली कमांड, चालू देणारी गंभीर चूक दुरुस्त केली होती. पण त्या दुरुस्तीनेच लिबपीक्यूच्या, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या, कोटिंगमध्ये गडबड केली आणि २० तारखेला १७.४.

म्हणून माझ्या टेस्ट सर्व्हरवर अपडेट त्याच रात्री जातं आणि चालू सर्व्हरवर एक आठवडा थांबून. गुरुवारी आलेलं बिघडलेलं असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत बहुधा कळतं. विश्रामबागकर, तुम्हीही २१ तारखेपर्यंत थांबा. ऑफिसलाही सांगता येईल की आम्ही घाई करत नाही आहोत.

---

पेठनाका | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.५२

बघा, दुरुस्तीची दुरुस्ती आली की नाही? आणि म्हणे ऑइल बदलणं.

---

घाटमाथा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

आली, आणि आठवड्यात आली, उघडपणे कारण लिहून आली. मी ज्या बंद सोर्सच्या सिस्टीमवर काम केलंय तिथे चूक कबूल करून घ्यायलाच पुरवठादाराशी महिनाभर पत्रव्यवहार चालायचा.

शिवाय तो घोळ कोणाला लागू होता ते बघा. कारखान्यात बॉयलरच्या सेन्सरचा डेटा कोणी टाइमस्केलमध्ये ठेवत असेल तर त्याने थांबायलाच हवं होतं. नुसता काटा आणि बिलं असतील, एकही बाहेरचं एक्स्टेन्शन नसेल, तर त्या भागाने काही बिघडणार नव्हतं. आपल्या सर्व्हरवर कोणती एक्स्टेन्शन आहेत याची यादी प्रत्येकाने भिंतीवर लावावी. नोट्स वाचताना समोर असली की दहा मिनिटांत कळतं आपल्याला काय लागू आहे ते.

---

शेवटचं_वर्ष | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, डेटाबेसचा विषय नुकताच झालाय. एक प्रश्न विचारू का? या दुरुस्त्या तपासतं कोण? पगारी माणसं असतात का? आणि आपल्याला बग सापडला तर सांगायचं कुठे?

---

सज्जनगड | १५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

चांगला प्रश्न. पोस्टग्रेसची मालकी कुठल्याही एका कंपनीकडे नाही. बरेच मुख्य लोक वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरीला आहेत आणि तिथून हे काम करतात, बाकी स्वयंसेवक. तपासणीसाठी बिल्डफार्म आहे. जगभरातल्या लोकांनी आपापली मशिनं दिली आहेत, वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम. कोडमध्ये बदल झाला की ती मशिनं तो उतरवून घेतात, बांधतात, चाचण्या चालवतात आणि निकाल सगळ्यांना दिसतो. बग दुरुस्त झाला की तीच दुरुस्ती मागच्या सगळ्या चालू मालिकांत नेतात. म्हणून एकाच दिवशी सहा-सहा मायनर निघतात.

बग कळवायला त्यांच्या साइटवर फॉर्म आहे, तो थेट बग्जच्या मेलिंग लिस्टवर जातो. व्हर्जन विचारणारा रकाना त्यातच आहे. तुम्ही चार मायनर मागे असाल तर आधी ताज्यावर करून बघा असं सांगतात, आणि ते योग्यच आहे. ज्याने बग कळवला त्याचं नाव कोडमधल्या बदलाच्या (कमिटच्या) नोंदीत राहतं. तुम्हा पोरांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे वापरणारे ढिगाने आहेत आणि कळवणारे फार थोडे. छोटा, पुन्हा करून दाखवता येईल असा नमुना दिला की समोरची माणसं फार आस्थेने उत्तर देतात.

---

प्रीतिसंगम | १५ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

कराडहून. आम्ही पतसंस्थांना सॉफ्टवेअर देतो, सगळं मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसवर. आमच्याकडचे नियम वेगळे आहेत, म्हणून लिहितो.

मायएसक्यूएल ८.० मध्ये मायनर हा पोस्टग्रेससारखा नुसता दुरुस्तीचा नसतो, बराच काळ त्यात नव्या सोयीही यायच्या. ८.०.२९ मध्ये टेबलाला झटपट कॉलम जोडण्याची सोय वाढवली आणि त्यातूनच डेटा बिघडण्याचा प्रश्न आला. ते व्हर्जन डाउनलोडमधूनच काढून टाकलं आणि ८.०.३० दिलं. २०२४ च्या जुलैत ८.०.३८ आलं, त्यात दहा हजारांपेक्षा जास्त टेबलं असतील तर सर्व्हर रीस्टार्टला कोसळायचा. दहा हजार ऐकून बाहेरच्यांना हसू येईल, पण आमच्यासारखे लोक प्रत्येक संस्थेला वेगळा डेटाबेस देतात. एकेका संस्थेची शे-दीडशे टेबलं. शंभर संस्था झाल्या की आकडा ओलांडलाच. ८.०.३९ मध्ये ते दुरुस्त झालं, आणि आम्ही थेट त्यावरच गेलो.

आणखी एक. पोस्टग्रेसमध्ये मायनर पटलं नाही तर बहुतेक वेळा जुने बायनरी परत टाकता येतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये मागे फिरणं मान्यच नाही. बॅकअपवरूनच यावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे बॅकअप घेतला एवढ्यावर काम सुरू होत नाही. तो दुसऱ्या मशीनवर भरून एका संस्थेची तेरीज (खात्यांची जमा-नावे बेरीज) जुळवून बघायची, मगच अपडेट.

सगळ्यांना विनंती, ५.७ वर कोणी असेल तर सोडा ते. ऑक्टोबर २०२३ मध्येच त्याचा सपोर्ट संपला. ८.० चीही मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच. आणि एक्झॅम्प या तयार संचातली मारियाडीबी १०.४ वापरून संस्थांची खाती चालवणारे अजून भेटतात. त्या १०.४ ला जून २०२४ पासून एकही दुरुस्ती आलेली नाही. लोकांच्या ठेवी आहेत त्यात.

---

वाघ्या_घेवडा | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ५.३०

कोरेगावातून नमस्कार. डॉकरवाल्यांसाठी, म्हणजे तयार इमेजमधून सर्व्हर उभा करणाऱ्यांसाठी, एक सूचना. इमेजला लेटेस्ट हा टॅग लावून ठेवू नका. सप्टेंबरच्या शेवटी १८ आलं, त्यानंतर ज्यांनी सहज पुल केलं त्यांच्याकडे १७ च्या फाइलींवर १८ चा सर्व्हर उभा राहायला गेला आणि अडला. १८ च्या इमेजमध्ये डेटाची जागाही बदलली आहे. टॅग १७ किंवा १७.७ असा स्पष्ट लिहा आणि डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीचं नावही टॅगमध्ये घाला. बुकवर्मवरून ट्रिक्सीवर नकळत गेलात तर आतली जीलिबसी ही सिस्टीमची मूळ लायब्ररी बदलते, आणि मग कोलेशनचे, म्हणजे मजकूर सॉर्ट करायच्या क्रमाचे, इशारे यायला लागतात.

---

बेदाणा | १५ नोव्हेंबर, रात्री ८.१५

वाघ्या_घेवडा यांनी जीलिबसीचं नाव काढलं म्हणून हे लिहायला बसले. डेटाबेसच्या अपडेटला सगळे घाबरतात आणि ऑपरेटिंग सिस्टीम बेधडक बदलतात. उलटं हवं.

एका हळदीच्या गोदामाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तक्रार अशी होती की लॉट सापडत नाही. पोत्यावर चिठ्ठी आहे, पावती आहे, स्क्रीनवर लॉट नंबर टाकला की "नोंद नाही". आणि महिन्याची यादी काढली की त्यात तो लॉट दिसतो. दिवाणजी इतके वैतागले होते की त्यांनी तोच लॉट पुन्हा भरून टाकला, आणि सिस्टीमने तो घेतला. लॉट नंबरवर दुबार नोंद रोखणारा युनिक इंडेक्स असताना! एका लॉटच्या दोन नोंदी, दोन भाडी.

आधीच्या ठेकेदाराने पोस्टग्रेसला हातच लावला नव्हता. त्याने फक्त सेंटओएस ७ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून नव्या सिस्टीमवर डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून ठेवली होती. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस सहसा सिस्टीमच्या जीलिबसीकडून घेतं. जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. जुन्या सिस्टीमवर १-१ आणि ११ असे दोन मजकूर सॉर्ट केले तर ११ आधी आणि १-१ नंतर. नव्यावर १-१ आधी. आपले लॉट नंबर बघा, गट नंबर बघा, सगळे आडव्या रेघेचे. इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला, शोधणारा नव्या क्रमाने चालतोय. तो चुकीच्या फांदीवर जाऊन रिकाम्या हाताने परत येणार.

उपाय म्हणजे आधी दुबार नोंदी हुडकून काढायच्या, मग मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे. इंडेक्स बांधायला वेळ लागला नाही. दुबार नोंदीतली खरी कोणती हे ठरवायला मात्र दिवाणजींबरोबर पावत्यांचे गठ्ठे काढून बसावं लागलं, दोघांच्याही हाताला हळद लागली होती. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच्या कोलेशनचं व्हर्जन नोंदलं जातं आणि बदललं की कनेक्ट करताना इशारा येतो. तो इशारा आला की आधी रीइंडेक्स करा, मगच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन चालवा. नुसतं रिफ्रेश केलंत तर इशारा जाईल आणि आजार राहील.

---

शेवटचं_वर्ष | १५ नोव्हेंबर, रात्री १०.५०

ताई, आत्ता हॉस्टेलवर सेंटओएस ७ आणि रॉकी ९ अशा दोन व्हर्च्युअल मशीन लावून सॉर्टची कमांड चालवली. तुम्ही लिहिलंय अगदी तसाच उलटा क्रम आला! रूममधले सगळे बघायला जमले. आता जुन्यावर पोस्टग्रेस टाकून डिरेक्टरी नव्यावर नेऊन बघणार आहे.

---

भडंग | १५ नोव्हेंबर, रात्री ११.०२

ज्याचं अपडेट नीट जाईल त्याने धाग्यावर कळवायचं. सांगलीकराने भडंग वाटायचं, सातारकराने कंदी पेढे. कराडकरांनी ठरवा कुठल्या बाजूला बसायचं ते.

---

प्रीतिसंगम | १५ नोव्हेंबर, रात्री ११.१०

कराडकर दोन्ही खातात.

---

औदुंबर | १६ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

बॅकअपबद्दल एक सांगायचंय, कारण अपडेटच्या आधीचा बॅकअप बहुतेक लोक त्याच खोलीतल्या दुसऱ्या डिस्कवर घेतात.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पेठेतली तळमजल्यावरची ऑफिसं पाण्याखाली. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती त्यांचं दोन्ही गेलं. हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) २००५ च्या पुरात गेली तेव्हा लोकांना कळलं की पिढ्यान्‌पिढ्यांची सुरक्षित जागासुद्धा कायमची सुरक्षित नसते. डेटाची एक प्रत कृष्णाकाठापासून लांब हवी. पुण्यात, क्लाउडवर, कुठेही, पण लांब.

आणि विजेबद्दल. २०१८ मध्ये उघड झालं की लिनक्समध्ये डिस्कवर लिहिणं एकदा फसलं आणि पोस्टग्रेसने एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिल्याची खात्री, पुन्हा मागितला, तर दुसऱ्या वेळी सगळं ठीक असल्याचं उत्तर येऊ शकतं, प्रत्यक्षात ती पानं लिहिलेलीच नसतात. फेब्रुवारी २०१९ च्या मायनरमध्ये वागणूक बदलली. आता एफसिंक फसला की सर्व्हर पुन्हा प्रयत्न न करता स्वतःला थांबवतो आणि वॉल या बदलांच्या नोंदवहीतून सावरतो. जे ती मायनर टाळून बसले ते अशा डिस्कवर वर्षानुवर्षं आंधळेपणाने चालले. लाइट येते-जाते अशा गावात हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

मिरज_जंक्शन | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

विश्रामबागकर, काट्यासाठी आमची पद्धत सांगते, हॉस्पिटलमध्ये अशीच चालते.

आमच्याकडे स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची (प्रायमरीची) चालू प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, आहे. आधी स्टँडबायवर अपडेट, तो नीट जोडला गेला की मग प्रायमरी. तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तरी मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे कनेक्शन धरून ठेवणारा मध्यस्थ प्रोग्राम, असू द्या. पॅकेज आधीच उतरवून ठेवा म्हणजे इंटरनेटच्या भरवशावर राहायला नको. सर्व्हर बंद करण्याआधी हाताने एक चेकपॉइंट द्या, म्हणजे बंद होताना तो डिस्कवर लिहीत बसत नाही. मग बाउन्सरला पॉज, सर्व्हर बंद, नवे बायनरी, चालू, रिझ्युम. काट्यावरच्या माणसाला स्क्रीन क्षणभर अडकल्यासारखी वाटते, कनेक्शन तुटत नाही. मात्र यासाठी बाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडवर, म्हणजे एका व्यवहारापुरतंच कनेक्शन देणाऱ्या मोडवर, लागतो, तेव्हा तुमचं काट्याचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का हे आधी तपासा, जुनी सॉफ्टवेअर सेशनवर बऱ्याच गोष्टी ठेवतात.

---

विश्रामबागकर | २३ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं. काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

बेदाणा ताईंनी सांगितलं तसं आधी काट्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. बाहेरून वाटतं काटा अखंड चालतो. तसं नाही. भरलेली ट्रॉली येते, ग्रॉस वजन घेतलं की गाडी गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन टेअरला परत येते. पाळी बदलताना जुना क्लार्क आपली बेरीज काढतो, नवा सही करतो, त्या वेळी प्लॅटफॉर्मवर गाडी घेतच नाहीत. रांगेतले ड्रायव्हर तेव्हा चहाला उतरतात. हीच ती वेळ.

१३.२३ टेस्टवर टाकून मागच्या हंगामातल्या एका पंधरवड्याची सगळी बिलं पुन्हा काढली, रुपया-पैशात जुळली. आठवडाभर बदली व्हर्जन निघालं नाही. मग ऑफिसला एक पानी मराठी कागद दिला. काय दुरुस्त होणार, किती वेळ लागेल, बिघडलं तर जुने बायनरी कसे परत येतील, आणि तोपर्यंत छापील स्लिपबुकावर काटा कसा चालेल. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आधीच्या मायनर पण अशाच राहिल्यात का?" राहिल्या होत्या. त्यांनी सही केली आणि चिटबॉयला स्लिपबुक घेऊन केबिनमध्ये बसायला सांगितलं.

काल पाळी बदलताना टाकलं. पॉज, रीस्टार्ट, रिझ्युम. नवा क्लार्क खुर्चीत बसेपर्यंत सर्व्हर वर होता. पहिल्या गाडीचं ग्रॉस नीट चढलं, स्लिप निघाली. स्लिपबुक उघडावं लागलं नाही.

---

पेठनाका | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.४८

हे मान्य. कागद, सही, स्लिपबुक आणि टेस्टवर जुळवलेली बिलं असतील तर माझी हरकत नाही. तो मराठी कागद इथे टाका, नावं काढून. आमच्या दूधवाल्यांना द्यायचाय. फेब्रुवारीची तारीख १२ येतेय, म्हणजे १९ ला टाकायचं ना?

---

घाटमाथा | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

हो, १२ ला येईल, १९ पर्यंत वाट बघा, मग तुमचा शांत तास बघून. अभिनंदन विश्रामबागकर!

पण १३ वर आता पुढची दुरुस्ती नाही हे विसरू नका. कारखान्याचा फेब्रुवारी कोराच जाणार. गळीत संपलं की मेजरचं बघायलाच हवं.

---

विश्रामबागकर | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.३५

त्याच कागदाच्या तळाशी ते लिहून घेतलंय, एप्रिलअखेर १३ वरून वर जायचं. १७ की १८, यावर मत द्या. कागद संध्याकाळी टाकतो.

---

सज्जनगड | २३ नोव्हेंबर, दुपारी २.०५

एप्रिलपर्यंत १८ ची फेब्रुवारीची मायनर येऊन गेलेली असेल, तेव्हा १८ वर जायला हरकत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. १८ मध्ये नवा क्लस्टर (डेटाची डिरेक्टरी) बांधताना चेकसम, म्हणजे डिस्कवरची पानं बिघडली तर ओळखणारे आकडे, आपोआप चालू असतात, तुमच्या १३ मध्ये बहुधा बंद असतील. जुळले नाहीत तर पीजी_अपग्रेड पुढे सरकत नाही. सर्व्हर बंद असताना जुन्यावर पीजी_चेकसम्स चालवून ते चालू करून घ्या, औदुंबर यांनी लिहिलेल्या डिस्कच्या कारणासाठी ते हवेतच. आणि १८ चं पीजी_अपग्रेड बरीचशी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे क्वेरीचा मार्ग ठरवणारी आकडेवारी, सोबत आणतं, १७ पर्यंत अपग्रेडनंतर सगळं अॅनालाइझ होईपर्यंत क्वेऱ्या रांगायच्या. तरी अपग्रेडनंतर अॅनालाइझ द्याच.

सिस्टीमही त्याच वेळी बदलणार असाल तर पीजी_अपग्रेड वापरू नका. डंप घेऊन नव्यावर भरा, इंडेक्स आपोआप नव्या क्रमाने बांधले जातील. कारखान्याचा डेटा एका रात्रीत भरून होईल. मार्चमध्ये एकदा रंगीत तालीम करून किती वेळ लागतो ते इथे लिहा.